पोटमाळा

मुंबईत जोगेश्वरीच्या मेघवाडीतल्या आमच्या खोलीत एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत गेलेले चार लोखंडी गर्डर होते. मे २००० मध्ये मी ते बसवून घेतले आणि २०१८ मध्ये चाळ पाडायला निघाली तेव्हा भंगारवाल्याकडून कापून घेतले. मधल्या अठरा वर्षांत त्यांच्यावर एक फळीही पडली नाही. पाहुणे वर बघून विचारायचे, पोटमाळा अर्धवट का सोडलात? मी म्हणायचे, राहून गेलं. खरं कारण सांगायचं तर नर्सबाईंपासून सुरुवात करावी लागते, आणि ते चहाच्या कपाबरोबर संपणारं नव्हतं.

नर्सबाई आमच्यापासून तिसऱ्या खोलीत राहायच्या. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, मराठी ख्रिस्ती. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकल्या आणि मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यात नोकरी करून १९८८ मध्ये निवृत्त झाल्या. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. खोलीत एक लोखंडी खाट, एक पत्र्याची ट्रंक, स्टोव्ह, चार भांडी. खिडकीत काळ्या पुठ्ठ्याचं बायबल आणि त्याच्यावर ‘उपासना संगीत’. महिन्यातले दोन रविवार त्या जोगेश्वरीहून दादर, दादरला गाडी बदलून भायखळा असा प्रवास करून मराठी उपासनेला जायच्या. उरलेले दोन रविवार का जात नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या चाळीत आणि मागच्या झोपड्यांत अंथरुणाला खिळलेली जी माणसं होती, त्यांना आंघोळ घालायचा तो दिवस होता. घरातली माणसं रविवारीच हाताशी असायची ना.

त्यांच्या बायबलची एक गोष्ट होती. ते पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेलं बायबल होतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी एकटीने ते काम केलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून तो ग्रंथ बाहेर पडला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी ज्या मुली उचलून आणल्या, त्यांतली एक नर्सबाईंची आजी. ती त्या छापखान्यात छापील ताव मोडायची. “हे पान आजीच्या बोटाखालून गेलं असेल,” असं म्हणून नर्सबाई मला एखादं पान दाखवायच्या. कुठलं पान, हे दर वेळी वेगळं असे.

माझं बालपण त्यांच्या ऋणातच गेलं, पण तेव्हा ते ऋण वाटत नव्हतं. बाबा लोअर परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबा परत कधीच गिरणीत गेले नाहीत. पुढे अंधेरीच्या एका गाळ्यांच्या वसाहतीत रात्रीची राखण करायचे. त्या वर्षांत आम्हा भावंडांची इंजेक्शनं, मलमपट्टी, मला झालेला टायफॉइड, हे सगळं तिसऱ्या खोलीतून निभावलं. आई मालवणकडची. तिच्याकडे द्यायला काय असणार? ती सोलकढीची वाटी झाकून पाठवायची, बांगडे मिळाले की दोन तुकडे. दुपारी दोघी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायच्या. एकीची भाषा मालवणी, दुसरीची नगरची. महाशिवरात्रीला आई जोगेश्वरीच्या गुंफेत जायची तेव्हा नर्सबाई पायऱ्यांपर्यंत सोबत असत आणि आईच्या चपला सांभाळत वर बसून राहत. दीड हजार वर्षांच्या त्या गुंफेत आई काय मागते, असं त्यांनी विचारलं नाही. भायखळ्याला तुम्ही काय मागता, असं आईनेही विचारलं नाही.

जानेवारी १९९३ च्या दंगलीत जोगेश्वरी जळत होती. संचारबंदी उठे त्या थोड्या वेळात पांढरी साडी नेसून, हातात पट्ट्यांची पिशवी घेऊन त्या बाहेर पडत. रस्त्याच्या या बाजूलाही जात आणि त्या बाजूलाही. त्या दिवसांबद्दल त्या पुढे कधी बोलल्या नाहीत, म्हणून मीही इथे जास्त लिहीत नाही.

त्याच वर्षी मी सीप्झमध्ये, म्हणजे अंधेरीच्या निर्यात वसाहतीत, कामाला लागले. दागिन्यांच्या कारखान्यात, मेणाच्या विभागात. बाहेरच्या माणसाला वाटतं सोन्याचा दागिना सोन्यापासून सुरू होतो. तो मेणापासून सुरू होतो. रबराच्या साच्यात गरम मेण दाबून भरायचं, निघालेल्या मेणाच्या अंगठीच्या कडा पात्याने साफ करायच्या, मग अशा पाचपन्नास अंगठ्या एका मेणाच्या दांड्याला झाडासारख्या चिकटवायच्या. त्या झाडाभोवती प्लास्टर ओततात आणि भट्टीत ठेवतात. मेण वितळून, जळून जातं, आत पोकळी राहते, तिच्यात सोनं ओततात. चौदा कॅरेटचा माल असेल तर मेणाच्या वजनाच्या तेरा-चौदा पट सोनं लागतं. म्हणून मेण एक कणही जास्त राहता कामा नये. माझा हात चांगला होता. पुढे मेणातच हिरे बसवायचं काम मला मिळालं. संध्याकाळी सुटताना खड्यांची मोजणी, झडती, आणि सोन्याच्या विभागातल्या मुलांना वेगळ्या बेसिनमध्ये हात धुवायला लावायचे, बोटांवरची धूळसुद्धा पाण्यातून गाळून घ्यायचे. दर संध्याकाळी तूट किती, हा प्रश्न. आठ-दहा वर्षं असा प्रश्न रोज ऐकला की तो माणसाच्या अंगात मुरतो. मी घरीही तसाच हिशेब करायला लागले.

हे सगळं मी पहिल्यांदा नर्सबाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “मग मेणाचं काय होतं?”

“जळून जातं.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि तांदळातला खडा बाजूला ठेवला.

गिरणी बंद पडलेल्या घरातल्या मुलीच्या हातात पगार येतो तेव्हा काय होतं, हे मला माहीत आहे. मी त्या मुलीला आज दोष देत नाही. पण तिचं काय चाललं होतं ते सांगायला हवं. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायचा. मी तो कधी सोडला नाही. दोन भिशा होत्या. फ्रिज आला, एकवीस इंची टीव्ही आला, काचेचं शोकेस आलं, मिक्सर आला आणि पहिला चालत असतानाच दुसराही आला. १९९७ मध्ये बाबा गेले. भाऊ लग्न करून नालासोपाऱ्याला गेला. घरात आई आणि मी, आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. प्रत्येक नवी वस्तू मी नर्सबाईंना बोलावून दाखवायचे. त्या मनापासून बघायच्या, हात फिरवायच्या, आणि विचारायच्या, “कुणासाठी घेतलंस?” त्यात टोमणा नसे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. माझ्याकडे उत्तर नसायचं. घरासाठी, म्हणायचे मी.

गर्डर बसले त्या संध्याकाळी मी त्यांना ओढतच आणलं. वर बोट दाखवून सांगितलं, इथे पोटमाळा होणार, सगळं सामान वर जाणार, खाली शोकेसशेजारी सोफा. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, “आमच्याकडचा एक शेतकरी होता, त्याची गोष्ट सांगते.”

एका साली त्याची ज्वारी अशी पिकली की कणग्या भरल्या, पेवं भरली, तरी खळ्यावर रास उरली. रात्रभर तो माणूस एकटाच बोलत बसला. आता हे जुनं बळद पाडायचं, मोठं बांधायचं, सगळा माल आत घालायचा आणि मग स्वतःला सांगायचं की बाबा, आता पुष्कळ वर्षांची सोय झाली, खा, पी, मजा कर. शेजारी नाही, बायको नाही, गडीमाणूस नाही. सगळं बोलणं स्वतःशीच. गवंड्याला सांगावाही धाडला. त्याच रात्री त्याला बोलावणं आलं.

“मग ज्वारीचं काय झालं?” मी विचारलं.

“तेच तर त्याला विचारलं गेलं,” त्या म्हणाल्या.

मला ती गोष्ट आवडली नाही. शुभ काम चाललेलं असताना अशी गोष्ट सांगायची का? पण मी ती नगरकडच्या कुणा खऱ्या माणसाची म्हणून ऐकली आणि विसरले.

जूनमध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दवाखान्यातून दहा दिवसांनी घरी पाठवलं. भाऊ रविवारी यायचा. मी सकाळी आठला निघायची ती रात्री नवाला परत. पोटमाळ्याच्या फळ्या आणि सोफा यांसाठी ओव्हरटाइम हवा होता, आणि आता औषधांसाठीही हवा होता, त्यामुळे मला एक सबब मिळाली होती जिच्यावर कुणी बोट ठेवू शकत नव्हतं. आमच्या धंद्यात अमेरिकेच्या नाताळचा माल ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत निघतो. तेच दिवस होते.

आईचं सगळं नर्सबाईंनी केलं. वय सत्तर. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. गुडघ्यांच्या मधे उशी, टाचांखाली घडी केलेलं धडुतं, टाच गादीला टेकता कामा नये. पेज भरवताना डोकं उचलून धरायचं, गिळलं की नाही ते गळ्याकडे बघून ठरवायचं, मगच दुसरा चमचा. मी पैसे देऊ केले. महिना पाचशे, तेव्हा ती लहान रक्कम नव्हती. त्यांनी माझा हात मिटवला आणि म्हणाल्या, “पैसे नकोत. रोज अर्धा तास दे. मला नाही, आईला.”

मी हो म्हटलं. दिला नाही. आई जड जिभेने म्हणायची, “तुका येळ गावलो की बस माझ्याकडे.” मी म्हणायचे, शिपमेंट गेली की बसते. त्या वर्षी गणपतीला गावी गेले नाही. जन्मापासून पहिल्यांदा.

सप्टेंबरातली एक सकाळ. मी चप्पल घालत होते. नर्सबाई आईची नाडी धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, “आज जाऊ नको.” इतकंच. चाळीस वर्षं नर्सिंग केलेल्या बाईने असं म्हटल्यावर त्याचा अर्थ काय, हे मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, पण कळलं होतं. मी म्हटलं, आज हजर राहिलं तर महिन्याचा बोनस आहे, संध्याकाळी लवकर येते. लवकरही आले नाही.

रात्री साडेनवाला चाळीच्या तोंडाशी माणसं उभी दिसली. आई साडेसातला गेली होती. नर्सबाईंनी तिला पुसून, तिचं हिरवं लुगडं नेसवून, केस विंचरून ठेवलं होतं. ओठांत तुळशीपत्र होतं.

“तुळस समोरून मागून आणली,” त्या म्हणाल्या. “पाणीही मीच घातलं. तू नव्हतीस म्हणून. चाललं ना?”

त्यांच्या धर्मात हे नव्हतं. आईच्या होतं, म्हणून त्यांनी केलं. मी विचारलं, तिने माझं नाव घेतलं का? त्या क्षणी कुणीही हो म्हटलं असतं. नर्सबाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “नाही बाळा. पाणी मागितलं. मग माझा हात धरला. तुझाच समजली असेल.”

दहाव्याला कावळा शिवला नाही. दीड तास बसलो. भावाने हात जोडून सगळी वचनं दिली, वर्षश्राद्ध गावी करू, बहिणीचं लग्न करू. कावळे झाडावर बसून होते, खाली येईनात. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. नातेवाइकांपैकी कुणी मला काही बोललं नाही, पण सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

त्या घरात संध्याकाळी बसवेना. नर्सबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्या म्हणाल्या, बायबल वाचून दाखवशील का? ओव्हरटाइम मी बंद केला होता. रोज सहाला सुटून चालत, महाकाली गुंफांच्या बाजूने घरी, आणि साडेसातला त्यांच्या खोलीत. कुठलाही धर्मोपदेश मला करायचा म्हणून त्यांनी ते सुरू केलं नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं आणि मला येत होतं. पुढची सहा-सात वर्षं मी वाचलं, आणि त्यांनी मध्येमध्ये थांबवून जे सांगितलं, त्यावर मी आज उभी आहे.

लूकच्या शुभवर्तमानातला बारावा अध्याय वाचत असताना मी थांबले. तोच शेतकरी. तीच कोठारं पाडून मोठी बांधणं, तोच स्वतःशी चाललेला संवाद, तीच रात्र.

“तुम्ही तर नगरचा म्हणालात!”

“नगरचा नव्हते म्हटलं. आमच्याकडचा म्हटलं होतं. वाच पुढे.”

पुढे कावळे आले. पेरत नाहीत, कापत नाहीत, त्यांना कोठार नाही, तरी देव त्यांना खायला घालतो, अशा अर्थाचं काही. कावळा शब्द उच्चारला आणि माझा आवाज फुटला. दहाव्यापासून जे कुणाजवळ बोलले नव्हते ते सगळं बाहेर पडलं. आई तृप्त नव्हती, म्हणून शिवला नाही. माझ्यामुळे. नर्सबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “अगं, त्या कावळ्याला त्या दिवशी भूक नसेल. त्याला आधीच कुणीतरी घातलं असेल. इथे लिहिलंय ना, कोण घालतं ते.”

मी माझ्या रीती सोडल्या नाहीत, त्यांनी सोडायला सांगितल्याही नाहीत. आजही पितृपक्षात मी आईचं पान ठेवते. पण त्या वाक्याने माझ्या छातीवरचा दगड उतरला, तो पुन्हा चढला नाही.

‘उपदेशक’ हे त्या ग्रंथातलं एक लहान पुस्तक आहे. राजवाडे, बागा, दासदासी, सोनं-रुपं सगळं मिळवून पाहिलेला एक माणूस शेवटी म्हणतो की हे व्यर्थ आहे. मला ते फार पटलं, आणि वाईटही वाटलं, कारण मग काही उरतच नाही. नर्सबाई म्हणाल्या, त्यांच्या पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं होतं की मूळ हिब्रूतल्या त्या शब्दाचा अर्थ वाफ, श्वास असा आहे. स्टोव्हवर भात होता. त्यांनी झाकण काढलं, वाफ वर गेली. “ही वाईट आहे का? भात शिजल्याची खूण आहे. पण ती डब्यात भरून ठेवायला गेलीस तर काय मिळेल? ओलं झाकण.” मला वाटतं, त्या दिवशी मला समजलं की माझं नेमकं काय चुकलं होतं. फ्रिज चुकला नव्हता. संपावर गेलेल्या बापाच्या मुलीला थंड पाणी प्यावंसं वाटणं हे पाप नव्हे. आई जिवंत असताना मी वाफ डब्यात भरत बसले होते.

अशी समजूत आली की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. मीही गेले. एका संध्याकाळी जाऊन सांगितलं की नोकरी सोडते, सामान वाटून टाकते, सेवा करते. त्या माझ्यावर रागावल्या. आयुष्यात एकदाच. तेव्हा आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचत होतो. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि संन्यास घेऊन ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. मला वाटलं, हाच मार्ग. नर्सबाई म्हणाल्या, “टिळकांनी सोडलं ते थोर. पण हे पुस्तक कुणी लिहिलं? घर जिने धरलं तिने. मार्थेने चूल पेटवली नसती तर प्रभू त्या घरी जेवला कशावर असता? त्याने तिला चूल विझव म्हटलं नाही, जीव तोडू नको म्हटलं. तू मेणाचं काम कर, पगार घे, वेळेवर घरी ये. बाकीचं नंतर बघू.”

येशू घरी आला तेव्हा रांधत राहिलेली मार्था आणि ऐकत बसलेली मरिया, या दोघी बहिणींच्या गोष्टीचा असा अर्थ मी पुढे दुसऱ्या कुणाकडून ऐकला नाही. पाळकसाहेबांना तो पटेल का, माहीत नाही. मला तो जगायला पुरला.

मी सीप्झमध्ये काम करते म्हणून त्यांनी एकदा विचारलं, तिथे आत एक पडकं चर्च आहे म्हणतात, पाहिलंस का? मी आठ वर्षं तिथे जात होते, पाहिलं नव्हतं. कोंडिविट्याचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. १५७९ मध्ये पोर्तुगीज जेझुइटांनी बांधलेलं. १८४० मध्ये साथ आली तेव्हा लोकांनी ते सोडलं. मूर्ती, खांब, बाप्तिस्म्याचं कुंड, तिन्ही वेद्या मरोळला नव्या चर्चमध्ये नेल्या. १९७३ मध्ये सीप्झ झालं आणि ते भग्न चर्च कुंपणाच्या आत आलं. मे महिन्यात एकदा मिस्सा व्हायची तेव्हा गावठाणातल्या लोकांना आत सोडायचे. २००१ च्या मेमध्ये मी नर्सबाईंना रिक्षाने घेऊन गेले.

छप्पर नाही. कमानी उभ्या, भिंतींत वडाची मुळं. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक बायका लुगडी नेसून, कानात सोन्याचे दागिने घालून आल्या होत्या, मराठीतून गाणी म्हणत होत्या. भोवताली आमच्या कारखान्यांच्या काचेच्या इमारती. नर्सबाई प्रोटेस्टंट, हे कॅथलिकांचं स्थान, तरी त्या एका दगडावर बसून शेवटपर्यंत हात जोडून होत्या. नंतर विचारलं, तुझं काम कुठे चालतं? मी बोट दाखवलं. पाच मिनिटांच्या अंतरावर. त्यांनी तिकडे पाहिलं, मग पुन्हा पडक्या भिंतीकडे.

“कसली साथ होती?”

“साथ एवढंच म्हणतात.”

“मूर्ती नेल्या, खांब नेले,” त्या म्हणाल्या. “आजाऱ्यांना कुणी नेलं असेल?”

परत येताना रिक्षात त्या काही बोलल्या नाहीत. त्या रविवारपासून मी त्यांच्याबरोबर आंघोळी घालायला जाऊ लागले. त्यांनी मला कधी बोलावलं नव्हतं. मी नुसती बादली उचलली. माणसाला न उचलता, चादर ओढून कसं वळवायचं, पाठीवर लाली दिसली की ती दाबून कशी पाहायची, म्हाताऱ्या पुरुषाला संकोच होऊ नये म्हणून कुठल्या क्रमाने पुसायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. शिकवताना त्या फार काटेकोर होत्या. चादरीला सुरकुती राहिली तर पुन्हा करायला लावत. मेणाच्या कडा साफ करणाऱ्या हाताला ते अवघड गेलं नाही.

२००९ मध्ये त्या स्वतः अंथरुणाला लागल्या. साडेतीन महिने. मी सकाळ-संध्याकाळ आणि रात्री असे. दिवसा चाळीतल्या बायका पाळीने. त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही, एवढं मी सांगू शकते. शेवटच्या रात्री चार वाजता मी त्यांची कूस बदलली, उशी लावली. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, “सुरकुती?” मी हात फिरवून म्हटलं, नाही. सहाला पुन्हा उठले तेव्हा त्या गेल्या होत्या. मी शेजारीच होते, पण झोपले होते. शिवडीला माती दिली. भायखळ्याच्या मंडळीतली माणसं आली होती आणि मेघवाडीतली निम्मी चाळ. ट्रंकेत पाहिलं तर जुन्या सुती चादरी, फाडून पट्ट्या करून गुंडाळलेल्या. बायबल माझ्याकडे आलं.

२०१८ मध्ये भंगारवाल्याने ते चार गर्डर कापून दारात टाकले आणि काट्यावर चढवले. एकशे चार किलो भरले. त्या पैशांत थोडे घालून मी हवेची गादी घेतली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून जिचे कप्पे आळीपाळीने फुगतात आणि बसतात ती. तिला एक लहान पंप असतो, तो रात्रभर हळू घुरघुरतो. नव्या इमारतीत आता ती एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असते. सध्या सातव्या मजल्यावर आहे. ज्यांच्या घरी आहे त्यांची मुलगी बँकेत आहे, तिला रात्री यायला उशीर होतो. गादी असली तरी कूस बदलावीच लागते. आज नऊची पाळी माझी आहे.